लुमाजी पखाल्याचं वळण

फार वर्षांपूर्वी कोंडजाईच्या घाटात डांबर नव्हतं. दिवसातून एकच सर्व्हिस मोटार वर चढायची आणि ती चालवायचा शिवलिंग ड्रायव्हर. सातव्या वळणावर झरा होता, झऱ्यापाशी उंबर, आणि उंबराखाली लुमाजी पखाल्याची झोपडी. कातडी पखालीतून तो आधी बैलांना पाणी पाजायचा. बैलगाड्या कमी झाल्या तसा मोटारीला पाजू लागला. तापलेली मोटार लुमाजीनं नुसती थोपटली तरी तिचा ताप उतरायचा, असं म्हणतात.

पण शिवलिंगाला त्याचा संशय होता. मोटार तापायची ती नेमकी सातव्याच वळणावर. पहिल्यावर नाही, तिसऱ्यावर नाही. लुमाजीची झोपडी दिसली की बॉनेटमधून वाफ. हे असं कसं, म्हणून तो डोळ्यांत तेल घालून बघू लागला.

लुमाजी कुणाला मोटारीच्या पाण्याच्या टाकीच्या झाकणाला हात लावू द्यायचा नाही. "तापलेल्याला आधी निजू द्यावं, अण्णा," म्हणायचा. बॉनेटवर तळहात ठेवायचा, चटका बसला की काढायचा, पुन्हा ठेवायचा. हात टेकून राहिला की मगच झाकण काढायचा आणि बारीक धारेनं पाणी सोडायचा. हे सगळं ठीक होतं. पण मधेच तो सगळ्यांकडे पाठ करून मोटारीसमोर वाकायचा. तेव्हा त्याची बोटं हलायची, ओठही हलायचे.

शिवलिंग त्याला दर खेपेला बजावायचा, "पाणी आधी तू पी. मग मोटारीला."

लुमाजी ओंजळभर प्यायचा. मिशा पुसून म्हणायचा, "गोड आहे, अण्णा."

एकदा शिवलिंगानं टाकीत घरच्या आडाचं पाणी भरलं आणि झाकण काळ्या दोऱ्यानं सात गाठी मारून बांधलं. सातव्या वळणावर मोटार उकळली. सातही गाठी जशाच्या तशा होत्या. त्याच आठवड्यात मालकानं त्याला सांगितलं, "पुन्हा उकळली तर चाकावरून उतर." शिवलिंग झोपडीमागे गेला आणि थबकला. तिथं सुकलेला झेंडू, लिंबं, मिरच्या, दोऱ्यांची भेंडोळी असा ढीग पडला होता. करणीच ही, त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी तो घाटाखालच्या उंबरवणे गावचे पंच मोटारीत घालून घेऊन आला. सातव्या वळणावर मोटार फुसफुसत थांबली. पंचांतल्या रावळू पाटलांनी ढिगाकडे बघून विचारलं, "काय रे लुमाजी, मोटारीची दृष्ट काढतोस की लावतोस?" पंच हसले. मग पाटील शिवलिंगाला म्हणाले, "कोंडजाईची शपथ घेऊन सांग. ही करणी असेल तर आजच झोपडी उठवतो."

लुमाजी झऱ्यापाशी उभा होता. पखाल अजून त्याच्या खांद्यावरच होती.

"ते तुमचंच आहे, अण्णा," तो म्हणाला. "मोटारीच्या तोंडावरचं."

दर मंगळवारी उतारू मोटारीच्या पुढच्या जाळीवर देवीच्या नावानं झेंडूचे हार, लिंबू-मिरच्या बांधायचे. देवीचा हार काढायचा कसा, म्हणून शिवलिंग जुन्यावरच नवा बांधू द्यायचा. असं दोन वर्षं चाललं होतं.

"तिला वारा मिळत नव्हता," लुमाजी म्हणाला. "देवीला वाहिलेलं मी तुमच्या देखत काढलं असतं, तर तुम्ही माझा हात जागेवर ठेवला नसता. म्हणून चिमूट चिमूट काढत होतो, देवीची माफी मागत."

"मग ती इथंच का तापते?"

"खालपासूनच तापत येते, अण्णा. सहा वळणं सोसते."

शिवलिंग पुढं झाला. त्यानं जाळीत बोटं घातली. वरच्या ताज्या झेंडूखाली काळं, चिकट निर्माल्य होतं, वीतभर जाड. पंच वाट बघत होते.

"झोपडी राहू द्या," तो पाटलांना म्हणाला.

मग त्यानं स्वतःच्या हातानं सगळं काढलं आणि उंबराच्या फांदीवर ठेवलं. त्या दिवशी मोटार घाटमाथ्यावर पोचली तेव्हा तिच्या बॉनेटवर दव होतं, असं म्हणतात. उंबराला महिनाभर ताज्या फुलांचा वास येत होता, असंही म्हणतात.

पण संशयाची सवय काही एका दिवसात जात नाही. दुसऱ्या खेपेला शिवलिंगाच्या तोंडून पुन्हा निघून गेलं, "आधी तू पी." लुमाजी अर्धी ओंजळ प्यायला. उरलेली अर्धी तशीच पुढं धरून म्हणाला, "आता तुम्ही." शिवलिंग मान खाली घालून त्याच्या ओंजळीतून प्यायला.

लुमाजी गेला त्या दिवशी वळणावर आलेली प्रत्येक मोटार आपोआप थांबली आणि तिचं इंजिन माठासारखं गार होतं, असं म्हणतात.

आता घाटात डांबर आहे. तरी त्या घाटात जाळीवर कुणी हार बांधत नाही, तो सातव्या वळणावर उंबराला वाहतात. गाडी तापली तर बॉनेटवर हात टेकून राहीपर्यंत थांबतात. मग ड्रायव्हर झऱ्याचं पाणी ओंजळीत घेतो. अर्धी ओंजळ जमिनीवर सोडतो, कारण आधी लुमाजी पितो. उरलेली अर्धी आपण पितो. गाडीची पाळी त्यानंतर.