निंबळगावचा मोकळा हात

निंबळगावच्या दवाखान्यात लसीच्या दिवशी गेलात, तर बाळं घेऊन बसलेल्या आयांचा एक हात बांगड्यांनी भरलेला आणि एक अगदी मोकळा दिसेल. बाहेरचा माणूस चपापतो. सवाष्णींचे हात असे का, हे विचारायला त्याला अवघड वाटतं. खुशाल विचारावं, गावाला सांगायला आवडतं.

देवीच्या रोगाच्या साथी यायच्या, त्या काळची ही गोष्ट आहे म्हणे. पेठेत भागू कासारीण बांगड्या भरायची. गिऱ्हाईक तिच्या हातात हात देऊन बसलं की मनातलं सगळं बोलून मोकळं व्हायचं.

एका वर्षी साथ नदीपलीकडं येऊन ठेपली आणि देवी टोचणारा सरकारी माणूस गावात आला. बायकांनी पोरं कणगीमागं लपवली. काहींनी टोचून घेतलं आणि घरी जाऊन दंड कडुनिंबाच्या पाल्यानं घासून काढले. भागूच्या कानावर हे सगळं यायचं, पण तिचा जीव अडकला होता तो आपल्या लेकीत, रखमात. टोचलं की ताप येतो, एवढंच रखमानं ऐकलेलं. आणि पहिलं मूल तिनं तापातच गमावलं होतं. दुसरं पाळण्यात होतं.

सांगून सांगून भागू थकली. मग तिनं भर पेठेत स्वतःच्याच उजव्या दंडावर टोचून घेतलं, त्या हातातल्या बांगड्या उतरवल्या आणि म्हणाली, "नातवाला टोचून होईपर्यंत हा हात असाच."

नवरा हबकला. "मी जिता असताना?"

"मग बसा की इथं पुढ्यात. लोकांना दिसाल."

तो खरंच बसला, असं सांगतात.

बायका बांगड्यांच्या निमित्तानं दंड बघायला येऊ लागल्या. भागूनं काही झाकलं नाही.

"ताप येतो का गं?"

"आला की. रात्रभर कण्हत होते."

"आणि वण?"

"राहणार."

"देवी कोपली तर?"

"आधी माझ्यावर कोपंल. मी कुठं पळून चाललेय."

त्या तापात रखमा आईच्या उशाशी बसून होती. कपाळावरचा हात तिनं काढला नाही. दुसऱ्या दिवशी भागूला घाम फुटला आणि तिनं भाकरी मागितली. ताप उतरतोही, हे रखमा पहिल्यांदाच बघत होती.

टोचणारा पंचक्रोशीत फिरून परत आला, तेव्हा रखमा मूल घेऊन त्याच्यापुढं बसली. मूल घट्ट धरलं. पोर रडून शांत झालं, तसा तिनं आईचा मोकळा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. बांगड्या भरायला गेली, तर पहिलीच पिचून वाढली.

"हात सैल सोड, आये," रखमा म्हणाली. जन्मभर गिऱ्हाइकांना हेच सांगत आलेल्या भागूला ते काही केल्या जमेना.

पुढं साथ नदी ओलांडून आली. रखमाच्या घराला शिवली नाही.

आजही इथं लस टोचून झाली की बाळाला अर्धा तास थांबवून ठेवतात. दुसऱ्या गावांत आया घाई करतात. निंबळगावात तेवढ्या वेळात सासू नाहीतर शेजारीण आईचा मोकळा हात भरत असते, आणि आई विचारत असते: ताप चढला तर काय द्यायचं, गाठ किती दिवस राहते, पुढची सुई चुकली तर. सिस्टर स्टूल ओढून समोर बसतात. हात भरून होईपर्यंत त्यांनाही कुणी उठू देत नाही.