दोन टोकांमधला मुकादम

डोंगरांना वाटा फुटल्या नव्हत्या, त्या काळातली ही गोष्ट. एका खोल दरीपलीकडे एक गड होता. तिथे जायचे, तर दरीवर ताणलेल्या दोराला टांगलेल्या पाळण्यात बसूनच जावे लागे.

तो दोर अलीकडच्या गावात वळला जाई. एका टोकाला एक माणूस, दुसऱ्या टोकाला दुसरा. मधले अंतर इतके, की हाक पोहोचत नसे. म्हणून ते दोरातूनच बोलत. एक हिसका म्हणजे पीळ वाढव, दोन हिसके म्हणजे सैल सोड. दुपारी मात्र दोघे मधल्या चिंचेखाली एकत्र भाकरी खात. नवा दोर चढला, की वळणाऱ्या दोघांनीच त्यावरून पहिल्यांदा पलीकडे जायचे, अशी रीत होती.

त्या वर्षी एका टोकाला एक बाई होती आणि दुसऱ्या टोकाला तिला हे काम शिकवणारा म्हातारा, आबा. अशात गडकऱ्याने नवा मुकादम नेमला. तो गोड बोले, आणि समोरच्याची दुखरी जागा पहिल्याच भेटीत ओळखे.

"ताई, हिसके देऊन का बोलता? मी आहे ना निरोप न्यायला," तो म्हणाला. पुढे काम थांबू नये म्हणून त्याने दोघांच्या जेवणाच्या वेळाही वेगळ्या केल्या.

मग एके दिवशी तो हळूच म्हणाला, "सांगू नये, पण तुमच्यासाठी जीव तुटतो. तुमचा पीळ सैल पडतो, असं आबा गडकऱ्यांच्या कानावर घालणार आहेत. मी थोपवून धरलंय. त्यांना मात्र काही विचारू नका, वय झालंय, दुखावतील."

बाईच्या तळव्यांना घाम फुटला. ज्याने हात धरून शिकवले, तोच? ती पीळ आवळत गेली. वाऱ्याने दोर हलला, तरी तिला त्यात म्हाताऱ्याचा राग जाणवे. काम गेले तर मुलांना खायला काय घालायचे, ही धास्ती तिच्या मनातून जाईना. दिलासा देणारा एकच माणूस उरला होता, मुकादम.

ऐकणाऱ्याने इथे एक लक्षात घ्यावे: मुकादमाने एकदाही आवाज चढवला नाही.

दोर चढला. दरीच्या काठावर, गडकऱ्यासमोर, ती दोघे कितीतरी दिवसांनी समोरासमोर आली. पाळणा वाऱ्याने करकरत होता. बाईला राहवले नाही.

"आबा, माझा पीळ सैल म्हणत होतात ना? बसा आता त्याच्याच भरवशावर."

म्हातारा चमकला. "मी म्हणालो? अगं पोरी, थेरड्याचे हात आखडलेत, पीळ फार बसतो, असं तूच म्हणालीस ना? म्हणून तर मी सैल सोडत गेलो!"

दोघांनी एकदमच दोराकडे पाहिले. अलीकडचा अर्धा दोर काठीसारखा ताठ, पलीकडचा अर्धा लोकरीसारखा फुगलेला.

"मुकादम," बाई म्हणाली, "पीळ आमचे, निरोप तुमचे. तुम्हीही बसा आमच्यासोबत."

मुकादम गडकऱ्याकडे वळला. त्याचे डोळे क्षणात भरून आले. "सरकार, यांची भांडणं मिटवता मिटवता मी थकलो. आता भीतीपोटी रीत मोडताहेत."

गडकऱ्याच्या कपाळाला आठी पडली. "रीत म्हणजे रीत. बसा."

बाई म्हणाली, "आधी आमच्या वजनाचे दगड बसवा, सरकार. ते पलीकडे पोहोचले, तर आम्हीही बसू."

दगड ठेवले. पाळणा निघाला. मधोमध, ताठ पीळ सैल पिळाला भेटत होता तिथेच, दोर तुटला. दरीतून आवाज वर यायला बराच वेळ लागला.

सगळे गोठून उभे होते. मुकादम तेवढा उपरण्याची घडी नीट करत होता. "पाहिलंत सरकार?" तो शांतपणे म्हणाला. "मी म्हणतच होतो, या दोघांत काही खरं नाही."

तेव्हा गडकऱ्याला त्या माणसाची खरी भीती वाटली. त्याने मुकादमी काढून घेतली. मुकादम सर्वांना हसून नमस्कार करून निघून गेला. पुढच्या गावात तो लगेच सर्वांचा लाडका झाला, असे सांगतात.

इकडे दोघांनी नवा दोर वळायला घेतला, आणि ते पुन्हा चिंचेखाली एकत्र जेवू लागले. बाईच्या तळव्यांना अजूनही मधूनच घाम फुटे. मग ती दोराला हिसका देई, आणि पलीकडून तेवढाच स्पष्ट हिसका परत येई. तो दोर चढला, तेव्हा रीतीप्रमाणे त्यावरून पहिल्यांदा दोघेच पलीकडे गेले.

बोध असा: सोबत्याचे मन जो आपल्याला परस्पर सांगतो आणि त्यालाच विचारू नका म्हणतो, त्याचे ऐकण्याआधी सोबत्यालाच विचारावे.