वाटेतला नारळ

आमच्या गावच्या सोमवारच्या बाजाराला उठवायची ही तिसरी खेप. नगराध्यक्ष शिवाजीराव गाडीतूनच गरजले, “बायपासपलीकडं बाजाराची नवी शेड झालीय. आज उद्घाटन. उठा सगळे!”

नारळवाल्या ठकूबाई थकून गेल्या होत्या. त्या पाटी भरून उचलू लागल्या.

“मावशी, एक नारळ द्या,” शिवाजीराव म्हणाले. “उद्घाटनाला फोडायचाय.”

“शेडीत नारळाचे गाळे लागलेत ना? तिथंच घ्या.”

“आता वाटेतच मिळतोय, तर घेऊन टाकतो.”

ठकूबाईंनी नारळ दिला, पाटी पुन्हा खाली टेकवली. “साहेब, तुम्ही तिथंच निघालाय, तरी वाटेतलाच घेताय. ज्यांना तिकडं जायचंच नाही, ते नारळासाठी बायपास ओलांडतील व्हय?”

नारळ हातात धरून शिवाजीराव बायपासकडं बघू लागले. ठकूबाई पाटीमागं पुन्हा टेकल्या.