पिकअपमागचं घर

“...आणि सहा माणसं झोपत्यात बुवा. पाय लांब करून. आता तुम्हीच सांगा, घेऊ का नको?”

निजानंदबुवांनी डोळे उघडले नाहीत.

घाटाच्या पायथ्याला दोन खोल्या, एक पत्र्याची शेड आणि एक जांभळाचं झाड, एवढाच त्यांचा मठ. तिथं लोक मोक्ष सोडून बाकी सगळं विचारायला येत. बोअर कुठं मारू, थोरलीला कुठलं स्थळ देऊ, भावकीत बोलणं सुरू करू का नको. बुवा ऐंशीच्या पुढचे. दम्यानं त्यांना थकवलं होतं आणि माणसांनी दम्याहून जास्त.

आजचा प्रश्न घराचा होता, पण चाकांवरच्या घराचा.

विचारणारे जयवंतराव साळोखे, कोल्हापुरातले फरशीचे व्यापारी. बुवांचे जुने शिष्य, अनुग्रह घेतलेले. आपण बुवांच्या फार जवळचे आहोत असं ते चारचौघांत सांगत, आणि बुवा ते ऐकून खोकत. दुकान आता थोरल्या मुलाच्या हाती गेलं होतं. जयवंतरावांकडे उरली होती एक पिकअप. दोन्हीकडं दोन दारांची, पाठीवर अर्धा टन घेणारी, आणि मागे आकडा बसवला तर दोन टन ओढणारी. आकडा त्यांनी बसवूनही टाकला होता.

बेत असा होता की घर पिकअपच्या मागे जोडायचं आणि देश बघत हिंडायचं. लॉज नको, हॉटेल नको, कुणाचे उपकार नकोत.

त्यांची बायको रत्नमाला शेडच्या खांबाला टेकून बसली होती. बुवांसमोर पाय लांब सोडणं बरं दिसत नाही, पण तिचे गुडघे ऐकत नव्हते, आणि बुवांनीच मागे एकदा ‘सोड गं’ म्हणून सांगितलं होतं. नवऱ्याचं हे सगळं बोलणं तिनं कोल्हापुरापासून गाडीत ऐकलं होतं. आता ती दुसऱ्यांदा ऐकत होती, म्हणजे ऐकत नव्हती.

असली घरं विकणाऱ्या एका यार्डात दोन घरं बघून झाली होती. एक मोठं, सहा जणांचं. आत बसायची खोली, ओटा, फ्रिज, न्हाणी, वर-खाली बिछाने. दुसरं धाकटं, दोघांचं. त्यात एक बिछाना, एक खिडकी, आणि शेगडी तर बाहेरच्या बाजूला, फळी उघडली की. यार्डातल्या माणसानं दोन्ही घरं संध्याकाळपर्यंत धरून ठेवली होती. बुवांचा होकार घेऊन जयवंतराव फोन करणार होते.

होकार मोठ्याला हवा होता, हे वेगळं सांगायला नको.

“मुलगा-सून येतील मधी मधी,” ते म्हणत होते. “नातवंडं येतील. आमची मंडळी येतील. आपलं माणूस आलं तर त्याला काय बाहेर झोपवायचं व्हय?”

आपलं माणूस. रत्नमालाचा सगळा जन्म या आपल्या माणसांनी खाल्ला होता. खाली दुकान, वर घर. गाडीवरचा ड्रायव्हर असो की फरशी उतरवणारा हमाल, जेवल्याशिवाय कुणाला पाठवायचं नाही ही जयवंतरावांची शान होती. ती शान रोज दोन्ही वेळा थापायची मात्र हिनं.

मोठं घर आलं की तिचा ओटा चाकांवर बसून तिच्या मागोमाग येणार होता. कन्याकुमारीला गेलं तरी सकाळी उठून कणीकच मळायची. हे तिला स्वच्छ दिसत होतं. बोलून दाखवायचं तिच्या अंगात बळ नव्हतं.

यार्डात नवरा मोठ्या घरातले कप्पे उघडून बघत होता, तेव्हा ती धाकट्या घरात शिरली होती. बिछान्यावर बसली, आणि बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. यार्डातल्या माणसानं “मावशी, मावशी” करून उठवलं तेव्हा आपण कुठं आहोत तेच तिला कळेना. आणि ते न कळणं तिला फार बरं वाटलं होतं. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

“गाडी किती ओढती म्हणलास?” बुवांनी विचारलं.

“दोन टन.”

“आणि घर?”

“मोठं अठराशे किलो. म्हंजे दोनशे किलोला अजून जागा हाय.” जयवंतराव हसले. “वजनाचं मला सांगू नगा बुवा. जन्म गेला फरशी भरण्यात.”

ते खोटं नव्हतं. गाडीच्या स्प्रिंगचे पाटे किती दबलेत हे लांबून बघून ते आत किती पेट्या आहेत ते सांगत.

“अठराशेत काय काय आलं?”

“घरच की. रिकामं.”

बुवांनी डोळे उघडले.

“रिकामं घर घिऊन हिंडणार?”

जयवंतरावांच्या कपाळावर एक आठी आली. रिकामी पेटी तोलून त्यांनी कधी माल भरला नव्हता, आणि घर मात्र रिकामंच तोललं होतं.

“पाणी धरायचं राहिलं,” ते सावकाश म्हणाले. “टाकी मोठी हाय त्याची.”

“हं.”

“गॅसच्या टाक्या...”

“हं.”

“पण बाकी आमचं काय असतंय बुवा? दोन धोतरं, दोन सदरे.”

बुवांनी त्यांच्या खांद्यावरून मागे बघितलं.

“पोरी, तू काय काय नेणार?”

रत्नमालाला आधी वाटलं, दुसऱ्याच कुणाला विचारतायत. तिला असलं कुणी विचारत नसे. तिला सांगत. पण विचारलं म्हटल्यावर तिनं सांगायला सुरुवात केली, आणि एकदा सुरू झाल्यावर तिला ते मुद्दाम आठवावं लागलं नाही. सहा माणसांची अंथरुणं-पांघरुणं. मोठा कुकर, धाकटा कुकर. तवे दोन, कारण सुनेला चपाती लागते आणि ह्यांना भाकरी. मिक्सर. कांदा-लसूण चटणीची बरणी, लोणच्याची बरणी, तुपाचा डबा. ह्यांच्या मंडळींना पितळेच्या ताटात जेवायची सवय, तेव्हा ती ताटं. ज्वारीच्या पिठाचा डबा, गव्हाच्या पिठाचा डबा. तांदूळ. देव. देवांचा पाट...

ती एकाच सुरात सांगत होती. आवाजात तक्रार नव्हती, उत्साहही नव्हता.

सुरुवातीला जयवंतराव कौतुकानं मान डोलावत होते. बायकोच्या सगळं कसं ध्यानात असतं हे बुवांना कळावं अशी ती मान होती. मग त्यांची बोटं पेरांवर चालू लागली. पितळेची ताटं आली तेव्हा बोटांचा वेग मंदावला. पिठाचा दुसरा डबा आला तेव्हा ती थांबलीच.

दोनशे किलो केव्हाच संपले होते.

“आणि तुझं सोताचं?” बुवा म्हणाले.

“माझं?”

“तुझं.”

शेडच्या पत्र्यावर जांभळाचं एक पान पडलं आणि घसरत खाली आलं.

“मला निजायचं हाय, बुवा,” ती म्हणाली.

जयवंतराव मोठ्यानं हसले. “घ्या. आख्खा देश बघायला निघालोय आणि हिला झोपायचंय.”

दुसरं कुणी हसलं नाही, म्हणून ते थांबले.

मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. धंद्यात अडलेला माणूस वाट सापडली की दिसतो तसा.

“हे काय अवघड न्हाई बुवा. पिकअप मोठी घेतो. वजन वाढलं तर ओढणारं दांडगं आणायचं. संपला विषय.”

“व्हय,” बुवा म्हणाले. “पिकअप बदलता येती.”

एवढं बोलून त्यांना खोकला लागला. लांबलेला, पोटातून येणारा. जयवंतराव “पाणी, पाणी” म्हणत बसल्या जागी इकडंतिकडं बघू लागले. रत्नमाला खांबाला धरून उठली. माठापाशी गेली, तांब्या बुडवला. भरलेला तांब्या तिला उजव्या हातानं वर घेता येईना. तिनं खाली डावा हात लावला आणि तसाच दोन्ही हातांनी आणून दिला.

बुवा पाणी प्याले. तांब्या परत देताना त्यांनी तिच्या उजव्या हाताकडं बघितलं. ती परत खांबाशी जाऊन बसली.

होकार येत नाही असं बघून जयवंतरावांनी दुसरं काम काढलं. घराचं मागाहून ठरेल, निदान आकड्याची खांदमळणी तरी करून द्यावी.

बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या, आदल्या दिवशी बैलाचे खांदे हळद आणि तूप लावून मळतात. वर्षभर जू वाहून खांद्याला घट्टे पडलेले असतात, त्यांना तेवढाच आराम. मठात हे पूर्वी बैलांचंच चाले. मग बैल गेले आणि ट्रॅक्टर आले, तरी लोक यायचे थांबले नाहीत. बुवांनीही कुणाला नाही म्हटलं नाही. जे ओढतं त्याचा खांदा मळायचा, एवढंच ते म्हणत. ट्रॅक्टर, उसाच्या गाड्या, एकदा तर बँडवाल्याची हातगाडी. ओढायच्या जागेला हळद लागल्याशिवाय या भागातलं कुणी नवं ओझं जोडत नसे.

बुवांनी कोनाड्याकडं बोट केलं. तिथं वाटी होती, हळद होती, तूप होतं.

“तूच लाव. मला वाकवत न्हाई.”

“मी?”

“ओढणाऱ्याला लाव.”

शिष्याच्या हातून करून घेणं म्हणजे मोठाच मान, असं जयवंतरावांना वाटलं असावं. त्यांनी हळद कालवली. बाह्या सारल्या, जांभळाखाली उभ्या पिकअपच्या मागे गेले, आणि नव्या आकड्याला चांगली चोपडून हळद लावली. रत्नमाला ते बघत होती. आकडा कोराच होता. त्यानं अजून काहीच ओढलेलं नव्हतं.

ते परत आले. बोटं पिवळी, वाटीत अजून अर्धी हळद.

“लावली बुवा.”

“कुणाला?”

“आकड्याला की.”

“ओढणाऱ्याला लाव म्हणलो हुतो.”

“तेच की. आकड्याला...”

बुवांनी मान वळवली आणि खांबाकडं बघितलं. नुसतं बघितलं.

जयवंतरावांनीही तिकडं बघितलं. तिथं त्यांची बायको बसली होती, उजवा हात मांडीवर ठेवून, डाव्या हातानं तो धरून. अशी ती रोज बसत असे. त्यांनी तिला अशी शंभरदा पाहिली असेल.

वाटी हातात घेऊन ते उभेच राहिले...

रत्नमालाला ओशाळल्यासारखं झालं. ती पदर सारखा करू लागली. नवरा खांबाच्या बाजूनं मागे येऊन बसला हे तिला श्वासावरून कळलं. पदरावरूनच त्यांनी तिच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला. जेमतेम ठेवला असेल.

“स्स...”

त्यांनी हात उचलला.

“कवापास्नं?”

“धाकट्याच्या लग्नापास्नं.”

धाकट्याची मुलगी आता शाळेत जात होती.

“बोलली न्हाईस कवा?”

“बोलून काय? भाकरी त्याच हातानं थापायची.”

हे ती रागानं म्हणाली नाही. राग यायलाही जरा ताकद लागते.

जयवंतरावांनी हात पुन्हा ठेवला. या वेळी हलका. अंगठ्यानं ते घट्टा शोधू लागले, तो सापडला, आणि ते त्याच्याभोवती हळूहळू मळू लागले. पदराला पिवळा डाग पडला. इतर वेळी ती म्हणाली असती, अहो, नवं लुगडं आहे. आता तिनं पदर तसाच राहू दिला. बैलाला लावतात ती हळद आपल्याला लावतायत, असं तिच्या मनात आलं. मग असंही आलं की बैलाला निदान दर बेंदराला लावतात.

तिला रडू येत होतं. पण रडायचाही कंटाळा आला होता, म्हणून ती नुसती बसून राहिली.

घाटातून एक ट्रक ब्रेक दाबत दाबत उतरत होता. त्याचा कण्हल्यासारखा आवाज बराच वेळ येत राहिला.

जयवंतरावांचा फोन वाजला. यार्डातला माणूस असणार. त्यांचे दोन्ही हात तिच्या खांद्यावर होते. त्यांनी तो वाजू दिला.

वाजायचा थांबल्यावर ते खालच्या आवाजात म्हणाले, “बुवा... मग कुठलं घेऊ?”

बुवांनी डोळे मिटून घेतले होते.

“मला कशाला इचारतोस, जयवंता? मी कुठं ओढतोय.”