गेनबाची हरकत

एका गावात एक भोळा गेनबा होता. गावाचं नाव पिंपळदरा. तिथे बाकीचे सगळे हुशार असल्यामुळे गावाचं काही अडत नव्हतं.

आपण भोळे आहोत, हे गेनबाला पक्कं ठाऊक होतं. तो म्हणायचा, "माझं डोकं म्हणजे बिनझाकणाची किटली. वरून ओता, निम्मं वाटेत सांडतं."

त्याची बायको सगुणा म्हणायची, "निम्मं सांडलं असतं तर चाललं असतं हो. तुम्ही सांगितलेलं सगळंच्या सगळं धरून बसता, तोच तर त्रास आहे."

पिंपळदऱ्यात दूध संस्था होती. दूध घ्यायचं केंद्र पूर्वी मारुतीच्या पाराजवळ होतं. चेअरमन नानांनी ते उचललं आणि ओढ्यापलीकडे, आपल्या गोठ्याशेजारी नेलं. "जागा ऐसपैस आहे," असं नाना म्हणाले. जागा ऐसपैस होतीच. फक्त मध्ये ओढा होता.

बायका डोक्यावर किटल्या घेऊन दिवसातून दोनदा ओढा ओलांडू लागल्या. भाद्रपदात सगुणा शेवाळावरून घसरली. दूध ओढ्याला मिळालं आणि सगुणाला दुखरा गुडघा मिळाला.

"या गुडघ्यावर आणखी एक पावसाळा निघायचा नाही," सगुणा म्हणाली. "केंद्र पारावर आलं तर ठीक, नाहीतर चंद्री विकावी लागेल."

चंद्री म्हणजे त्यांची म्हैस. ती गेनबाला लाथ मारायची, पण गेनबाचा तिच्यावर जीव होता.

तेवढ्यात संस्थेची निवडणूक आली. पंच नऊ. चार नानांच्या बाजूचे आणि चार केंद्र परत आणणारे, एवढं ठरल्यासारखंच होतं. नववी जागा बाईची. तिथे नानांची बायको कलावती उभी राहिली आणि तिच्यासमोर सगुणा. सगुणा आली तर केंद्र पारावर. कलावती आली तर ओढ्यापलीकडे.

मतदारांची कच्ची यादी संस्थेच्या फळ्यावर लागली. सगुणा ती बोट ठेवून वाचत गेली आणि बोट मध्येच थांबलं.

"अगं बाई, हे धोंडीबा आजोबा! सहा वर्षं झाली जाऊन. आणि ही ताराकाकू. हे सगळे मागच्या खेपेला नानांना मत देऊन गेलेत म्हणे."

अशी अकरा नावं निघाली. सगुणाने हरकतीचा अर्ज लिहिला आणि गेनबाला सांगितलं, "तालुक्याला जा. निवडणूक अधिकारी मॅडमच्या कचेरीत अर्ज द्या आणि पोच घेऊन या. पाचच्या आत. पाच वाजले की हरकत घेत नाहीत."

गेनबा गेला. अर्ज दिला, शिक्क्याची पोच घेतली. स्टँडवर त्याला संस्थेचे सचिव मुकिंदराव भेटले. मुकिंदराव म्हणजे नानांचे मेव्हणे.

"काय गेनबा, कसला कागद? बघू तरी."

गेनबाने दिला. मुकिंदरावांनी वाचला, त्यावर गरम भजी घेतली, खाल्ली, बोटं पुसली आणि कागद टाकून दिला.

दुसऱ्या दिवशी कचेरीतला अर्जही कुठे सापडेना. कचेरी म्हणाली, "पोच दाखवा."

सगुणाने कपाळ धरलं. "अहो, तो पुरावा होता! पुरावा कुणाच्या हाती देतात का? खिशात ठेवायचा आणि वरून हात दाबून धरायचा. कागदाचा कपटा का असेना, संस्थेचा असला तर उचलून खिशात टाकायचा."

गेनबाने डोक्यावर टिचकी मारली. "किटली गं, किटली. पण आता पक्कं झालं."

मुदत अजून होती. सगुणाने पुन्हा अर्ज लिहिला. ग्रामपंचायतीतून अकरा मृत्यूचे दाखले आणले आणि गेनबाच्या खिशात घातले. सुनावणीच्या दिवशी नेमकी चंद्री व्यायला झाली होती, म्हणून सगुणा घरी थांबली आणि गेनबा एकटा गेला.

मॅडम कडक होत्या. "धोंडीबा वारले, असं तुमचं म्हणणं. पुरावा आहे?"

"आहे," गेनबा म्हणाला.

"कुठे आहे?"

"खिशात."

"मग द्या."

गेनबाने खिसा दाबून धरला. "कुणाच्या हाती द्यायचा नाही."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. "अहो, मी निवडणूक अधिकारी आहे."

"असाल. मुकिंदरावसुद्धा सचिव आहेत."

मुकिंदराव कोपऱ्यात बसले होते. ते म्हणाले, "मॅडम, पुरावा असता तर दिला नसता का?"

हरकत फेटाळली गेली. धोंडीबा आजोबा आणि आणखी दहाजण कायद्याने जिवंत झाले. गेनबा अकराच्या अकरा दाखले सुखरूप घरी घेऊन आला. एकाचीही घडी मोडली नव्हती.

सगुणा गोठ्यात खाली बसली. "अहो, मी तुम्हाला तरी काय बोलू? खुर्चीवर बसलेल्या माणसाने मागितला की पुरावा द्यायचा. दुसऱ्या कुणाला नाही. आणि 'कोणाची हरकत आहे का' असं कुणी विचारलं की गप्प राहायचं नाही. ताडकन उठायचं, 'आहे' म्हणायचं आणि खरं ते सांगायचं. मग समोर आपलं माणूस असो नाहीतर परकं."

"आता पक्कं झालं," गेनबा म्हणाला. "मघाशी किटली कलंडली होती."

चार दिवसांनी घोलपांच्या अंकुशची सुपारी फुटायची होती. घोलपांच्या घरातली चार मतं सगुणाची, म्हणून दोघं सकाळपासून राबत होती. पाहुणे आले, नारळ-सुपारी मांडली, मुलीचे वडील पागोटं सावरून बसले. घोलपांच्या थोरल्या काकांनी चारी बाजूंना बघितलं आणि रीतीप्रमाणे विचारलं, "मंडळी, कोणाची काही हरकत नाही ना?"

गेनबा ताडकन उठला. "आहे!"

सुपारी फोडणाऱ्याचा अडकित्ता उघडाच राहिला.

"कसली हरकत?" मुलीच्या वडिलांनी विचारलं.

"नवऱ्या मुलाचं वय बासष्ट आहे."

"काय बोलता!"

"मी नाही बोलत. संस्थेच्या यादीत आहे. अंकुश घोलप, पुरुष, बासष्ट. शिक्का मारलेली यादी आहे, फळ्यावर जाऊन बघा."

मुलीच्या वडिलांनी अंकुशकडे बघितलं. अंकुशला मिशीसुद्धा धड आली नव्हती. पण शिक्का म्हटल्यावर माणूस घाबरतोच. ते म्हणाले, "आम्ही आधी यादी बघून येतो." गेले ते परत आलेच नाहीत.

थोरले काका सगुणाला म्हणाले, "सूनबाई, आमची चार मतं आता विसरा."

घरी येईपर्यंत सगुणा एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर सगळे शब्द एकदम बोलली. शेवटी म्हणाली, "लोकांच्या घरच्या कार्यात हरकत घ्यायची नाही! हरकत फक्त संस्थेत घ्यायची. आणि तीही कुणावर? ज्याने वर्षभरात थेंबभर दूध घातलेलं नाही, त्याच्यावर. अशाला मत नसतं, असा नियमच आहे. नानांच्या बाजूचे कितीतरी तसले आहेत. नीट डोळ्यांनी बघा आणि मग अर्ज द्या."

"किती सोपं होतं," गेनबा म्हणाला. "माझ्याच डोक्यात अंधार."

तो तीन दिवस केंद्रासमोर जाऊन बसला. कोण दूध घालतं आणि कोण नाही, ते डोळ्यांनी बघत राहिला. मुदतीच्या शेवटच्या दिवशी त्याने स्वतःच्या हाताने अर्ज लिहिला. सगुणाला त्रास नको म्हणून दाखवलाही नाही. पाचच्या आत मॅडमच्या टेबलावर ठेवला.

मॅडमनी वाचला. मग वर बघितलं. "हरकत घेणारे गेनबा सखाराम. ते कोण?"

"मी."

"आणि हरकत ज्यांच्या नावावर आहे, ते गेनबा सखाराम कोण?"

"तोही मीच."

"तुम्ही स्वतःच्याच नावावर हरकत घेताय?"

"काय करणार मॅडम? तीन दिवस बघितलं. आमच्या घरचं दूध बायको घालते, तिच्याच नंबरावर. मी वर्षभरात थेंबभर घातलं नाही. मला म्हैस लाथ मारते." मग गेनबाने जरा आवाज उतरवला. "तसा माणूस वाईट नाही तो. पण नियम म्हणजे नियम."

"पुरावा?"

मॅडम खुर्चीवर बसल्या होत्या आणि त्यांनी मागितला होता. गेनबाने दोन्ही हातांनी संस्थेचं पासबुक पुढे केलं. त्याच्या नावाची पानं कोरी करकरीत होती.

त्या साली पिंपळदऱ्यातून सत्तावीस हरकती आल्या. मान्य झाली ती एकच.

मतदान झालं. धोंडीबा आजोबांनी सकाळी साडेनऊला मत दिलं. ते येताना मोटरसायकलवरून आले, असं म्हणतात. दुपारी शाळेत मोजणी झाली. ठरल्याप्रमाणे चार जागा इकडे, चार तिकडे गेल्या. बाईची जागा शेवटी आली.

कलावती, त्र्याहत्तर. सगुणा, त्र्याहत्तर.

सगुणाने गेनबाकडे बघितलं. गेनबाने बोटांवर हिशेब केला आणि म्हणाला, "एक कमी पडलं. कुणाचं असेल गं?"

मॅडम म्हणाल्या, "समसमान मतं आहेत. चिठ्ठी टाकावी लागेल. ज्याचं नाव यादीत नाही, अशा माणसाने चिठ्ठी काढावी. आहे कुणी?"

अख्ख्या शाळेत असा माणूस एकच होता.

दोन चिठ्ठ्या एका रिकाम्या किटलीत घातल्या. गेनबाने डोळे मिटले, हात घातला आणि एक चिठ्ठी काढली. मॅडमनी वाचली, "सगुणा!"

बायकांनी टाळ्या पिटल्या. कुणीतरी गुलाल उधळला. सगुणाला गुडघ्याचा विसर पडला आणि ती उभी राहिली. मारुतीचा पार तिला तिथूनच दिसायला लागला.

मॅडमनी पेन उघडलं आणि रीतीप्रमाणे विचारलं, "कोणाची हरकत आहे का?"

गेनबा ताडकन उठला. "आहे!"

"अहो!" सगुणा किंचाळली.

"लोकांच्या घरी नव्हे, संस्थेतच आहे ना?" गेनबा तिला म्हणाला आणि मॅडमकडे वळला. "मॅडम, चिठ्ठी मी काढली आणि ही माझी बायको आहे. बायकोची चिठ्ठी नवऱ्याने काढलेली कशी चालेल?"

नाना पहिल्यांदाच गेनबाकडे प्रेमाने बघत होते. "मी म्हणत नव्हतो? माणूस सोन्यासारखा आहे!"

मॅडम म्हणाल्या, "हरकत बरोबर आहे. पुन्हा चिठ्ठी टाकू. मी स्वतः काढेन. सचिव, नव्या चिठ्ठ्या लिहा."

मुकिंदराव सगळ्यांकडे पाठ फिरवून लिहायला बसले. सगुणाने गेनबाला भिंतीपाशी ओढलं. तिचे डोळे भरले होते. "माझ्या गळ्याची शपथ आहे तुम्हाला. आता पाच वाजेपर्यंत तोंड उघडायचं नाही. आभाळ कोसळलं तरी नाही. पाचनंतर काय बोलायचं ते बोला."

गेनबाने ओठ मिटले. घड्याळात साडेचार झाले होते.

मॅडमनी किटलीत हात घातला. चिठ्ठी निघाली. "कलावती."

मुकिंदरावांनी किटलीतली उरलेली चिठ्ठी घाईघाईने काढली, चुरगाळली आणि खिडकीतून बाहेर टाकायला गेले. ती गजाला आपटून आत पडली. गेनबाच्या पायापाशी. संस्थेचा कागद. गेनबाने उचलला, उलगडून बघितला, खिशात टाकला आणि वरून हात दाबून धरला.

"कोणाची हरकत आहे का?" मॅडमनी विचारलं. "पाच वाजेपर्यंत वेळ आहे. त्यानंतर निकाल कायम."

सगळ्यांनी गेनबाकडे बघितलं. नानांनी श्वास रोखला. मुकिंदरावांच्या कपाळावर घाम आला.

"गेनबा, तुमची काही?" मॅडमनी नाव घेऊन विचारलं.

गेनबाचा चेहरा लाल झाला. गाल फुगले. पण ओठ काही उघडले नाहीत. पाच वाजेपर्यंत तो तसाच बसला, एक हात खिशावर आणि डोळे घड्याळावर. गावात सगळे म्हणाले, "गेनबा सुधारला."

पाच वाजले. मॅडमनी सही केली. जीप निघून गेली.

दोघं घरी निघाली. शाळाही आता ओढ्यापलीकडेच होती, तीसुद्धा नानांनी ऐसपैस जागेत नेली होती. सगुणा ओढ्यातल्या एका दगडावर टेकली आणि गुडघा चोळत म्हणाली, "जाऊ द्या. तुम्ही शेवटी शहाण्यासारखे वागलात. चिठ्ठीच तिची निघाली, त्याला कोण काय करणार?"

"दुसरीपण तिचीच होती," गेनबा म्हणाला.

सगुणाचा हात गुडघ्यावरच थांबला. "काय म्हणालात?"

"दोन्ही चिठ्ठ्यांवर कलावतीच लिहिलं होतं. ही काय खिशात आहे."

"अहो, मग तिथे का नाही बोललात?"

"पाच वाजायचे होते ना. आता पाच वाजून वीस मिनिटं झाली, म्हणून बोललो." गेनबाने स्वतःच्या डोक्यावर अभिमानाने टिचकी मारली. "बघ, किटली आता गळत नाही."

सगुणा दुखऱ्या गुडघ्यानिशी उठली. "द्या ती चिठ्ठी इकडे! तालुक्याला जाते, जिल्ह्याला जाते, कोर्टात जाते! द्या आधी!"

गेनबा दोन पावलं मागे सरकला. त्याने खिसा दोन्ही हातांनी दाबून धरला.

"नाही सगुणे. पुरावा खुर्चीवर बसलेल्या माणसालाच द्यायचा," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "तू निवडून आली असतीस, तर दिला असता."