लिंपलेला आवा

नद्यांना घाट बांधले नव्हते, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनीही ऐकावी.

एका गावात एक कुंभारीण होती. तिच्या घड्यांना राजवाड्यातूनही मागणी असे. पण एका वर्षी तिच्या मनात भीती शिरली. कच्चे घडे रचून आवा पेटवला, वरून माती लिंपली, की तिला वाटे, आत काहीतरी बिघडलं. छाती धडधडे, घास गिळवत नसे. शेवटी ती लिंपण फोडून आत डोकावे. क्षणभर बरं वाटे. पण गार वारा आत शिरे आणि तापलेले घडे तडकत. पुढच्या खेपेला भीती आणखी मोठी होऊन येई.

शेजारीण हसे, “अगं, आवा आहे की पाळणा? सारखी काय डोकावतेस!”

दीर म्हणे, “वहिनी, घाबरायचं सोडा, झालं!”

जणू भीती म्हणजे डोक्यावरची पाटी, वाटलं की उतरवून ठेवावी!

गावात लग्नसराई आली. पाटलानं बजावलं, “या खेपेला घडे तडकले, तर यापुढे गावाचं काम परगावच्या कुंभाराला.”

आवा पेटला त्या सकाळी गावची म्हातारी सुईण आपणहून आली आणि कुंभारणीशेजारी बसली.

दुपारी कुंभारीण ताडकन उठली. “आजी, आत फुटलं काहीतरी! बघू द्या, नाहीतर जीव जाईल माझा!”

“तुझा त्रास खोटा नाही, पोरी. घाम दिसतोय मला,” सुईण म्हणाली. “पण ही कळ आहे. चढते, तेव्हा बाईला वाटतं, संपलं सगळं. मग ओसरते. चढू दे. मी हात धरलाय.”

“आणि नाही ओसरली तर?”

“मुक्कामाला राहिलेली कळ मी अजून पाहिली नाही!”

कुंभारणीची नखं म्हातारीच्या तळव्यात रुतली. भीती गळ्यापर्यंत चढली, तिथं थांबली, आणि लिंपण न फोडताच हळूहळू उतरली. तिन्हीसांजेला पुन्हा आली.

“आली बघा, आजी!”

“येऊ दे. ओळखीची झाली आता.”

आवा पुरता निवल्यावरच उघडला. एकदोन घडे तडकले होते. ते कुणाच्या आव्यात तडकत नाहीत? बाकीचे लालबुंद, खणखणीत निघाले. गावाचं काम कुंभारणीकडेच राहिलं. भीती पुढच्या आव्यांनाही आली, पण आता कुंभारीण तिच्याशेजारी बसून भाकरी खाऊ लागली.

तात्पर्य: मनाचं दुखणं टोमण्यांनी वाढतं आणि सोबतीनं आवरतं.