रंभाजी आणि बेटावरची कंपनी

उंबरठाण्यात रंभाजी नावाचा एक भोळा गडी राहायचा. भोळा म्हणजे किती भोळा? ऐका. तो एका हॉटेलात कामाला लागला. मालक म्हणाला, "जो कोणी समोर येईल त्याला आधी पाणी द्यायचं, मग बाकीचं." तिसऱ्या दिवशी आचारी बोंबलत आला, "अरे, छपराला आग लागली!" रंभाजी म्हणाला, "आधी पाणी प्या." आचारी पीत नव्हता, म्हणून हा ग्लास घेऊन त्याच्या मागं मागं फिरला. हॉटेल जळालं. नोकरी गेली.

अशा सहा नोकऱ्या गेल्या. सातवी लागली तेव्हा त्याची बायको सगुणा दारात आडवी उभी राहिली. म्हणाली, "अहो, ही शेवटची. ही गेली तर मी माहेरी गेले म्हणून समजा. आणायला येऊ नका."

सगुणावर रंभाजीचा फार जीव होता. तिच्या हातच्या भाकरीवर तर त्याहून जास्त.

सातवी नोकरी होती झंपाक कंपनीच्या दुकानात. झंपाक म्हणजे केवढी मोठी कंपनी! जगभर तिचे मोबाइल. उंबरठाण्यातही घरटी एक झंपाक होताच. दुकान मोतीशेठ चालवायचे. त्यांनी रंभाजीच्या हातात वही दिली.

"रंभाजी, रविवारी कंपनीचे मोठे साहेब येणार आहेत. गिऱ्हाईकं काय म्हणतात ते त्यांना बघायचंय. पन्नास मतं हवीत. नाही मिळाली तर दुकान बंद. मग मी घरी आणि तूही घरी."

"मी घरी आलो की सगुणा माहेरी," रंभाजी म्हणाला.

"म्हणून सांगतो, नीट कर. लोक बोलतील ते जसंच्या तसं लिहायचं. एक शब्द सोडायचा नाही."

रंभाजी यमुनाकाकूंकडं गेला. काकू अंगणात शेवया वाळत घालत होत्या. यानं वही उघडली. संध्याकाळी शेठनी वाचलं तर काय!

"ये बाबा बस. हाड् हाड्! मेली शेळी आली बघ. फोन गुणाचा आहे हो, लेक रोज दिसते. अगं बया, शेवई खाल्ली! पण काय रे, तुझी कंपनी म्हणे कर भरत नाही? माझा नळ दोन महिन्यांच्या पाणीपट्टीसाठी तोडला पंचायतीनं. हाड् म्हणते ना! चहा घेतोस?"

खाली रंभाजीनं स्वतःच्या मनानं लिहिलं होतं, "घेतला."

शेठनी कपाळावर हात मारला. "अरे शहाण्या, हे साहेबांना दाखवू? चांगलं असेल तेवढं ठेवायचं. वाईट असेल ते काढून टाकायचं!"

"आत्ता कळलं," रंभाजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी शेठ जेवायला गेले होते. बापू गुरव आले. त्यांच्या फोनची काच फुटली होती. "दुरुस्त करून ठेव रे, तासाभरात येतो."

तासाभरानं बापू आले. रंभाजीनं त्यांच्या हातात फोनचं मागचं झाकण ठेवलं.

"आणि बाकीचा फोन?"

"काच फुटलेली होती, टाकली. बॅटरी फुगलेली वाटली, तीही टाकली. आत काय काय हिरवं-पिवळं होतं, ते मला काही बरं दिसलं नाही. झाकण मात्र एक नंबर आहे, बापू. जपून वापरा."

बापूंनी अख्खी पेठ डोक्यावर घेतली. शेठ उष्ट्या हातानं धावत आले. बापूंना पदरचा नवा फोन देऊन कसंबसं शांत केलं आणि मग रंभाजीकडं वळले.

"अरे गाढवा, तक्रार घेऊन कोणी आलं की हात लावायचा नाही! गोड हसायचं. म्हणायचं, 'जुनं झालं, आता दुरुस्त होत नाही. नवीन घ्या, याच्यापेक्षा भारी आलंय.' कंपनी सगळीकडं हेच म्हणते!"

"आत्ता कळलं," रंभाजी म्हणाला.

तिथून तो धोंडीबा साळुंख्यांकडं मत घ्यायला गेला. धोंडीबा ओट्यावर तोंड पाडून बसले होते.

"काय झालं, धोंडीबा?"

"काय सांगू बाबा, तुझी काकू कालपासून रुसलीय. हाक मारली तरी ओ देत नाही."

तक्रार! रंभाजी गोड हसला. "जुनी झाली. आता दुरुस्त होत नाही. नवीन घ्या, याच्यापेक्षा भारी आलीय."

काकू आतच होत्या. कालपासून गप्प असलेल्या काकू अशा काही बोलल्या की चार गल्ल्यांना ऐकू गेलं. बोलता बोलता लाटणंही फिरलं. त्याचा एक फटका रंभाजीला बसला, दोन धोंडीबांना बसले. धोंडीबांचं काय चुकलं ते त्यांना अजून कळलेलं नाही.

रंभाजी कपाळावर टेंगूळ घेऊन दुकानात आला. शेठ ओरडायला तोंड उघडणार, एवढ्यात ग्रामसेवक भाऊसाहेब आत शिरले. हातात कागदांची चवड.

"शेठ, कंपनीच्या या दुमजली दुकानाची पट्टी. तीन वर्षं झाली."

शेठनी खणातून कंपनीचं पत्र काढलं. "भाऊसाहेब, कंपनी इथं राहतच नाही. कागदावर ती दूर समुद्रात एका बेटावर राहते. मग इथला कर कसा लागेल?"

भाऊसाहेब पाय आपटत गेले. रंभाजीचे डोळे एवढे मोठे झाले.

"शेठ, ही पाटी इथं, फोन इथं, गिऱ्हाईक इथं, आणि कंपनी बेटावर?"

"हो."

"तिथं काय आहे?"

"एक खोली. एक टपालपेटी."

"मग ती खाते काय?"

"खाते इथलंच रे! पण कोणी काही मागायला आलं की सांगते, मी इथली नाही. याला म्हणतात डोकं. शीक जरा!"

"आत्ता कळलं," रंभाजी म्हणाला.

घरी आला. भूक सपाटून लागली होती. सगुणानं ताट वाढलं. पिठलं, भाकरी, वर ठेचा. रंभाजी पहिला घास मोडणार, तोच ती म्हणाली, "जेवण झालं की तेवढं दळण आणा. पीठ संपलंय."

रंभाजीनं मान ताठ केली. "सगुणा, मी इथला नाही. मी कागदावर बेटावर राहतो."

सगुणानं समोरचं ताट उचललं आणि आत नेऊन ठेवलं.

"अगं, माझं जेवण!"

"बेटावर जेवा."

"बेटावर नुसती टपालपेटी आहे गं!" रंभाजी रडकुंडीला आला.

"हे बघा, इथलं खायचं आणि द्यायची वेळ आली की मी इथला नाही म्हणायचं, असं चालत नाही. असं जो म्हणेल ना, तो कोणी का असेना, त्याच्या पुढचं ताट असंच ओढून घ्यायचं!"

"आत्ता कळलं," रंभाजी म्हणाला आणि दळण घेऊन गिरणीत पळाला.

रविवार उजाडला. मोठे साहेब आले. गाडी एवढी लांब की निम्मी गल्लीत आणि निम्मी पेठेत. दुकानासमोर मांडव घातला होता. अख्खं गाव जमलं होतं. वहीत मतं किती? एक. तेही शेळीसकट. शेठना दरदरून घाम फुटला होता.

त्यांनी म्हटलं, साहेबांना आधी खाऊ घालावं. मटणाचा रस्सा, बाजरीची भाकरी, कांदा, लिंबू. साहेब पहाटेपासून गाडीत होते. वासानंच त्यांचा जीव कासावीस झाला. त्यांनी बाह्या सरसावल्या.

तेवढ्यात भाऊसाहेब पुढं झाले. "साहेब, तेवढी तीन वर्षांची पट्टी..."

साहेब भाकरी कुस्करत हसले. "सॉरी. आमची कंपनी इथली नाही."

झालं! रंभाजी गर्दीतून बाणासारखा सुटला. साहेबांच्या पुढचं ताट ओढलं. हातातला घास काढून घेतला. वाटीसुद्धा सोडली नाही.

"बेटावर जेवा," तो म्हणाला.

शेठ खांबाला धरून खाली बसले. मग यमुनाकाकू खुदकन हसल्या. मग बापू गुरव. मग काय विचारता, सगळं गाव पोट धरून हसायला लागलं. कोणी शिट्ट्या मारल्या. पंचवीस जणांनी शूटिंग केलं, आणि तेही झंपाकच्याच फोनवर!

साहेबांनी गर्दीकडं बघितलं, फोनकडं बघितलं, आणि रश्श्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं. मग खिशातून फोन काढून कोणाशी तरी इंग्रजीत पाच मिनिटं बोलले. भाऊसाहेबांच्या फोनवर टिंग वाजलं. तीन वर्षांची पट्टी जमा!

रंभाजीनं ताट परत ठेवलं. वरून लिंबू पिळलं. साहेबांनी तीन भाकरी खाल्ल्या. आणि गावानं वहीभर मतं दिली, पन्नासच्या जागी नव्वद. "फोन चांगला होताच, आता कंपनीही बरी आहे," असं यमुनाकाकूंनी स्वतःच्या हातानं लिहिलं. शेळीला घरी बांधून आल्या होत्या.

भाऊसाहेबांनी रंभाजीला मिठी मारली. "तीन वर्षं मी कागद धाडतोय, आणि यानं एका ताटात वसूल केलं! शेठ, हा माणूस पंचायतीला द्या. वसुली शिपाई करतो. पक्की नोकरी!"

"आत्ताच न्या," शेठ म्हणाले, आणि मारुतीला नारळ फोडायला गेले.

भाऊसाहेब म्हणाले, "रंभाजी, असंच काम करायचं. तोंड बघायचं नाही, नातं बघायचं नाही."

"आत्ता कळलं," रंभाजी म्हणाला.

सगुणाच्या डोळ्यांत पाणी आलं. नवऱ्याला पक्की नोकरी! तिनं माहेरी फोन लावला. दुसऱ्याच दिवशी तिचे वडील, आबा, एसटीनं हजर. हा म्हातारा भारी मानी. लेकीच्या घरी आजवर चहाच्या पुढं काही घेतलं नव्हतं. पण आज म्हणाला, "जावयानं नाव काढलं! आज मी पोटभर जेवणार."

सगुणानं पुरणपोळ्या केल्या. पाट मांडला, रांगोळी काढली, तुपाची धार धरली. आबांनी पहिला घास उचलला.

रंभाजी पंचायतीची पिशवी खांद्याला लावून समोर बसला होता. सहज विचारलं, "मामा, उंबरठाण्याची पट्टी भरलीत का?"

आबा खो खो हसले. "जावईबापू, मी कशाला भरू? मी थोडाच इथला आहे!"

त्या दुपारच्या एसटीनं सगुणा आबांबरोबर माहेरी गेली. आबा उपाशीच गेले. रंभाजी आता चूल पेटवायला शिकतोय, पण नोकरी एकदम पक्की आहे.